मोठ्या बाबांची भुवई

आमच्या भागात माणूस गेला की पहिली धावपळ लाकडांची आणि दुसरी फोटोची. तेरवीला खुर्चीवर हार घातलेला फोटो लागतो, आणि आता चौकात फ्लेक्सही लागतो. जिवंतपणी माणसाला नीट उभं करून कोणी फोटो काढत नाही. मग गेल्यावर लग्नाचे अल्बम उपसत बसायचं. पूर्वी तुमसरचा स्टुडिओवाला कुठल्यातरी घोळक्यातलं मुंडकं उचलून कोट-टायच्या धडावर चिकटवून द्यायचा. आमच्या गल्लीतले निम्मे पूर्वज कोटात आहेत. जन्मात ज्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली नाही, अशी माणसं.

मी भंडाऱ्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या गटानं प्रोजेक्टला हाच विषय घेतला. जुने, खराब झालेले फोटो कॉम्प्युटरनं आपोआप साफ करायचे. विषय माझाच, कारण कॅमेरा माझ्याकडे होता. बाकीचे दोघं कोडिंग करायचे आणि मी गावोगाव फिरून भिंतींवरचे फोटो टिपून आणायचो. आमच्या नाकाडोंगरीच्या आसपासची एकही ओसरी मी सोडली नसेल. चुलीच्या धुरानं पिवळे पडलेले, बुरशी लागलेले, काचेवर रोज लावलेलं कुंकू आत झिरपून कपाळापासून हनुवटीपर्यंत ओघळलेले फोटो. मग हॉस्टेलवर बसून प्रत्येक फोटोत माऊसनं गोल करायचे. हा डाग, हाही डाग. असे हजारो डाग दाखवले की मशीन स्वतःहून डाग ओळखायला शिकतं. घाईत एखाद्या म्हातारीच्या गालावरचा तीळही त्यात गेला असेल. इकडे जर्नल्स अपुरी, तिकडे दोन विषय मागच्या सेमिस्टरचे राहिलेले, आणि रविवारी पहाटे तलावावर पक्षी टिपायला गेल्याशिवाय मला जेवण गोड लागत नव्हतं. तिळाकडे कोण बघतो?

पक्ष्यांचा नाद मला मोठ्या बाबांनी लावला. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीवर ठेकेदाराकडे मजुरीला होते. सुट्टीच्या दिवशी मला सायकलच्या दांड्यावर बसवून तलावावर न्यायचे. पक्ष्यांची नावं त्यांना फारशी ठाऊक नव्हती, पण पक्षी पाण्यातून कुठं वर येणार ते बोट करून दाखवायचे. कॅमेरा हातात आल्यावर मी त्यांच्यामागे लागलो होतो की तुमचा एक फोटो काढू द्या. ते खाणीतली पाळी संपवून आले की अंगभर काळी भुकटी असायची आणि दारातून ऊन सरळ तोंडावर पडायचं. मला तसाच फोटो हवा होता. ते हात आडवा धरायचे.

"असा नोको काढू. आंग धुतो मंग काढ."

अंग धुऊन, केस चोपून, पांढरा शर्ट घालून ते खुर्चीवर येऊन बसायचे तोवर ऊन कौलांवर चढलेलं असायचं. मी आकाशाकडे बघून म्हणायचो की आता उजेड गेला, उद्या काढू. ट्यूबलाइटमध्ये फोटो काढणं मला कमीपणाचं वाटायचं. ते शर्ट काढून खुंटीला लावायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे. खंड्याचे माझ्याकडे शेकड्यानं फोटो आहेत, एकाच खंड्याचे.

ते झोपेतच गेले. सकाळी मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती आणि बांबू बांधणं चाललं होतं. संध्याकाळी घाटावरून परत आल्यावर कडुलिंबाचा पाला चावून सगळे बसले, आणि दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, माझ्याकडे बघून फोटोचा विषय काढला. त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये मोठे बाबा एका घोळक्यात मागे उभे होते, तांदळाच्या दाण्याएवढे. आधार कार्डावरच्या फोटोत नुसता काळा गोळा होता. त्यातल्या त्यात बरा म्हणजे खाणीवरचा जुना पास. लॅमिनेशनमध्ये पाणी शिरून अर्धा चेहरा पसरलेला.

"तू तं हेच शिकून राहिला ना?" दादा म्हणाला. "मंग तूच कर."

मी हो म्हटलं. बरं वाटलं मला. घरात सगळे रडत असताना आपल्यालाही काही जमतं याचं बरं वाटलं, हे खरं आहे.

हॉस्टेलच्या मेसमध्ये दुपारी टेबलं रिकामी असतात, तिथं बसून मी ते केलं. पास स्कॅन केला, आमच्या मशीनला दिला. बघता बघता चेहरा वर आला. डोळे, नाक, मिशी, कानाच्या पाळीपर्यंत स्वच्छ. जिथं पाणी शिरलं होतं तिथला गाल मशीननं स्वतःच्या मनानं भरला होता, आणि इतका सफाईदार की कुठून जोडला ते मलाही सापडेना. पांढरा शर्ट मी त्यांना चढवला. मागे फिकट निळा रंग टाकला. शेजारून जाणारा एक मित्र थांबला आणि म्हणाला, वा, काका भारी दिसतात. मीही म्हणालो, हो ना.

तेरवीच्या आदल्या दिवशी फ्रेम घरी नेली. सगळ्यांनी वाखाणली. आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, बोलतील आता असं वाटते. चौकात त्याच फोटोचा फ्लेक्स लागला. मोठी आई मात्र फ्रेम मांडीवर घेऊन खूप वेळ बसली. तिनं काचेवरून अंगठा फिरवला, भुवईपाशी.

"इथला डाग कुठं गेला गा?"

मला आधी कळेना. मग एकदम कळलं. तरुणपणी खाणीत दगडाची कपची लागून त्यांची भुवई फुटली होती. जखम भरली पण आत काळी भुकटी राहून गेली. भुवईच्या वर निळसर काळी रेघ होती, गोंदल्यासारखी. लहानपणी सायकलच्या दांड्यावरून मान वळवून मी ती बघत असे. मशीनला तो बुरशीचा डाग वाटला होता. मीच तर त्याला शिकवलं होतं.

मी म्हटलं, त्यात काय, आत्ता घालून देतो. लॅपटॉप उघडला आणि हात तिथंच थांबला. रेघ कोणत्या बाजूला होती?

मोठी आई म्हणाली, डावीकडे. दादा म्हणाला, नाही, उजवीकडे, मी दाढी करून द्यायचो ना त्यांची. माझे वडील म्हणाले, डावीकडे. मग म्हणाले, थांब, ते समोर बसले की माझ्या कोणत्या हाताला यायची? आत्यानं स्वतःच्याच चेहऱ्यावर दोन्ही बाजूंना बोट लावून पाहिलं आणि रडायला लागली. पासवरच्या मूळ फोटोत दोन्ही भुवयांवर पाण्याचे डाग होते. त्यातली रेघ कोणती आणि पाणी कोणतं, मोठं करून पाहिलं तरी उमगेना. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू फोटोवाला, तुझं लक्ष असते, तू सांग. मी डोळे मिटले. सायकल आठवली, तलाव आठवला, त्यांच्या घामाचा वासही आठवला. भुवई आली नाही. जो माणूस एवढ्याशा पाखराच्या पंखातली पिसं मोजतो, त्याला ज्यानं मोठं केलं त्याची भुवई सांगता येईना. मला माझाच भयंकर राग आला.

दादा वैतागून म्हणाला, "राहू दे. चांगला दिसते असाच. डाग कायले पाहिजे?"

तेरवी तशीच झाली. त्याच फोटोला हार पडला. पंगती उठल्या.

पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टचं सादरीकरण होतं. आमच्याकडे बाकी नमुने होते, पण या फोटोइतका आधी-नंतरचा फरक कुठल्याच नमुन्यात दिसत नव्हता. गाइड सरांनी तोच पहिल्या स्लाइडवर घ्यायला सांगितला. मी नको म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. राहिलेले विषय, अपुरी हजेरी, सगळं डोक्यावर होतं आणि या प्रोजेक्टवरच वर्ष निभावणार होतं. डावीकडे पाण्यानं पसरलेले मोठे बाबा, उजवीकडे निळ्या पार्श्वभूमीवरचे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की मूळ व्यक्तीशी साम्य किती आहे, ते कसं तपासलं? मित्रानं आकड्यांचा तक्ता दाखवला. त्यांचं समाधान झालं. मी स्लाइडकडे पाठ करून उभा होतो. आम्हाला चांगले मार्क मिळाले आणि दोघं मित्र मला ओढून समोसे खायला घेऊन गेले. माझा समोसा मी त्यांच्याच पुढे सरकवला.

त्यानंतर मी कॅमेरा फारसा काढला नाही. गावातून मात्र फोन येत राहिले. कोणाच्या आईचा, कोणाच्या लेकराचा, जरा साफ करून दे भाऊ. मी परीक्षेची सबब सांगायचो. लोकांना वाटायचं, पोट्टा भाव खाऊन राहिला.

पितृपक्षात गावी गेलो. घरची माणसं शेतावर गेली होती आणि मोठी आई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. वर भिंतीवर ती फ्रेम. काचेवर ताजं गंध. मी तिच्याजवळ बसलो. ती कॉलेजचं विचारत राहिली, मेसमधलं जेवण कसं आहे, कपडे कोण धुतं. मग सूप हलवता हलवताच म्हणाली की परवा हे स्वप्नात आले होते.

"पांढरा शर्ट घालून आले. त्या फोटोतल्यासारखे, गोरेगोमटे. मी पाणी देल्लं तं घेतलं नाही."

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"पयले मले वाटे, फोटोतला मानूस येगळा अन् माया मानूस येगळा. पन रोज त्याच्याच पाया पडतो ना मी. आता डोळे मिटले का तोच येते. तो डागवाला येऊनच नाही राहिला." ती थांबली. "तुले येते का?"

"येते," मी म्हणालो.

हे खोटं होतं. मलाही तोच दिसत होता, मी त्यांना चढवलेल्या शर्टातला. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे सरकून बसली आणि म्हणाली, "मंग सांग बरं मले. कसे होते?"