आईचा डावा हात

जपानात, आमच्या साकाईत भाडेकरूंसाठी घरमालकांशी कोण भांडतं, असं कुणालाही विचारा, माझं नाव सांगतील. शाळा अर्धवट सुटली, कायदा ग्रंथालयात बसून वाचला. कुणाचा हक्क कुठे मारला जातोय हे मला लांबून कळतं, असा माझा समज होता.

आई, सुमिनो, सायकलीच्या कारखान्यात चेनी डब्यात भरायची. तीस वर्षं. घरी आली की स्वयंपाकघरात शिरायची आणि आमच्याकडे पाठ करून कामाला लागायची. आत जाऊन एक कांदा चिरून द्यावा, हे मला कधी सुचलं नाही. तिची सुरी झिजून बोटाएवढी झाली होती. तिला सत्तरावं लागलं तेव्हा ठरवलं, आता गावातली सगळ्यात चांगली सुरी आणायची.

इसोगाईकाकांचं दुकान आमच्याच गल्लीत. काका गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारतात, मग सुरी दाखवतात.

"वापरणार कोण? आणि कुठल्या हाताने?"

"आई. तिला हात दोन आहेत, काका."

"चिरते कुठल्या?"

"जेवते त्याच. सगळं जग उजव्यानंच जेवतं."

"तिला घेऊन ये ना एकदा. नाहीतर ही सांतोकू ने. दोन्ही अंगांनी धार आहे. भाजी, मासा, मटण, काहीही काप. घराला एवढी पुरते."

माझं डोकं फिरलं. "कारखान्यातल्या बाईला काहीही चालतं, असंच ना? ती वरची द्या. हॉटेलातले आचारी वापरतात ती."

"तिला धार एकाच अंगाला आहे, बाबा. ती उजव्या हाताची सुरी."

"मग बरोबर आहे. बांधा."

आईनं सुरी दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली. "एवढी कशाला रे," म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या मुळ्याच्या चकत्या एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ पडायला लागल्या. मी वाटीतली चकती जेवायच्या काड्यांनी उचलून म्हणायचो, "आई, म्हातारी झालीस. हा मुळा आहे का दाराची पाचर?" ती हसायची. पुढे मुळा बंदच झाला. बाजारातून चिरलेली भाजी यायला लागली. मी मनात म्हटलं, वय झालं.

गेल्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले आणि रांधायचं माझ्यावर आलं. धार लावायला म्हणून सुरी काकांकडे नेली. त्यांनी पातं उजेडात धरलं.

"ही डाव्या हातानं वापरलीय."

"कुणी?"

"तुझ्या आईनं. आली होती ती माझ्याकडे. म्हणाली, याची धार उलटी करून द्या. म्हटलं, असं होत नाही, मागची बाजू पोकळ घासलेली असते, तिथं धार लागत नाही. सांतोकू ने, बदलून देतो. तर म्हणाली, नको, मुलाला कळेल."

"काय कळेल?"

"लहानपणी शाळेत तिचा डावा हात फडक्यानं बांकाला बांधायचे. लिहिणं, जेवणं उजव्यावर आलं. सुरी नाही आली. लोकांत लाज वाटायची, म्हणून पाठ करून चिरायची."

"मला सांगायचं होतंत."

"तुला?" काका म्हणाले. "तू ऐकून घेतोस कधी?"

दहा वर्षं ती सुरी घरात होती. मी चौकात कर्णा घेऊन लोकांच्या हक्कांवर बोलत होतो आणि घरात ती तिरप्या जाणाऱ्या पात्याशी झगडत होती, वर माझे टोमणे झेलत होती.

सांतोकू घेऊन घरी गेलो. आईसमोर फळी मांडली, मुळा ठेवला, सुरी तिच्यापुढे केली. तिनं ती उजव्या हातात घेतली. पातं लटपटत होतं.

"आई, डाव्या हातानं धर."

तिनं आधी खिडकीकडे पाहिलं, बाहेर कुणी आहे का. मग माझ्याकडे.

"तू जरा बाहेर जा," म्हणाली.

मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. आतून सुरीचा एक ठोका आला. बऱ्याच वेळानं दुसरा. तिसरा आला नाही; सुरी फळीवर ठेवल्याचा आवाज आला.