पाठीवर पांढरे दाणे असलेली अळी

विरारच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत आज कढीपत्ता खुडायला गेलो आणि हात मध्येच थांबला. पानाआड एक हिरवी अळी होती, पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे. या दाण्यांनी मला कॉलेजात असताना एकदा शहाणं केलं होतं, आणि मग कायमचं गोंधळात टाकलं.

वटारला माझी मावशी लिंबाची रोपं करायची आणि आगाशीच्या बाजारात विकायची. काका गेल्यावर तिचं घर त्या रोपांवरच चाललं होतं. रोज सकाळी ती पानं उलटून अळ्या वेचायची. दाणेवाल्या अळ्या सगळ्यांत आधी रॉकेलच्या डब्यात जायच्या. "ही अंडीवाली. हिला सोडली तं वाडी गेली," म्हणायची. मी तेव्हा जीवशास्त्र शिकत होतो, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. तिला समजावलं, मावशी, ती अंडी नव्हेत. चिलटाएवढी गांधीलमाशी अळीच्या पोटात अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खातात आणि बाहेर येऊन पाठीवर हे कोष विणतात. ही अळी मेल्यात जमा आहे, तू मारतेस ते आपलेच सोबती. इथवर ठीक होतं. पण मी पुढे म्हणालो, आता अळ्या वेचूच नकोस, माश्या बघून घेतील. आणि तिने ऐकलं.

पहिल्या वर्षी रोपं दृष्ट लागावी अशी आली. दुसऱ्या वर्षी तर अळी औषधालाही सापडेना, मी वाडीतून ऐटीत हिंडलो. तिसऱ्या वर्षी अळ्यांचं पेवच फुटलं, माशी मात्र कुठे दिसेना. रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या. खायला अळ्याच नव्हत्या म्हणून आदल्या वर्षी माश्या संपल्या होत्या का? काही अळ्या मी चिरून पाहिल्या. एकदोघींच्या पोटात माशीचं अंडं काळं पडलं होतं, अळीच्या शरीरानेच ते गुदमरवलं होतं. ज्यांना हे जमतं त्याच वाचतात आणि त्यांचाच वंश वाढतो. मग माशीलाही बदलावं लागतं. पण एवढं सगळं तीन वर्षांत, एका वाडीत? पुस्तकातल्या आलेखात अळ्यांची आणि माश्यांची अशा दोन लाटा एकमेकींच्या मागून शिस्तीत यायच्या, इथे काहीच शिस्तीत नव्हतं. माझं डोकं चालेना, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

मावशीने रॉकेलचा डबा बाहेर काढला. पुन्हा अळ्या वेचू लागली. फक्त दाणेवाल्या सोडून द्यायची, आणि कोपऱ्यातल्या एका लिंबाला हातच लावायची नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सगल्या मारल्या तं तुज्या माश्या खातील काय?"

हे पुस्तकात होतं की नव्हतं, मला आठवत नाही. नेमकं कुठे चुकलो ते कळलं की मावशीला जाऊन सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते अजून कळलेलं नाही. मावशी तर गेली. आज आमटीत कढीपत्ता नाही, कुंडी मी त्या अळीसाठी सोडली आहे.