टॉवेलाखालचं घर

किस्से शेणीसारखे असतात. थापताना कुणी मोजत नाही. पावसाच्या तोंडावर गोळा करायला गेलं की कळतं, आयला, लय झालं की! साताऱ्यात आमच्या सकाळच्या चहाच्या बाकड्यावर घर घ्यायच्या गोष्टी अशाच साठल्यात. सुभाना हवालदारासाठी नवा फ्लॅट शोधत आम्ही तिघं वर्षभर हिंडलो. फ्लॅट एकच घ्यायचा होता. गोष्टी मात्र अख्ख्या बिल्डिंगला पुरतील एवढ्या झाल्या.

तिघं म्हणजे सुभाना, कुलकर्णी सर आणि मी. सर हायस्कूलातनं रिटायर झालेले. कागद वाचायला त्यांना घेतलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलो, म्हणजे चौथीच्या वर्गाच्या दारापर्यंत. पुढं चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. आता बैल कमी झाले आणि दलाल उरले. लोक विचारतात, नाना, तुम्हाला फ्लॅटमधलं काय कळतं? मी म्हणतो, ठोकून बघायचं, आजूबाजूला विचारायचं आणि मालकाच्या तोंडाकडं बघत राहायचं. बैल काय नि फ्लॅट काय.

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात. कुठलं बोट धरलं, किती बोटं धरली, यावर आकडा ठरतो. भोवती पन्नास माणसं असली तरी त्या दोघांशिवाय कुणाला काही कळत नाही. आणि टॉवेलाखालचं बाहेर सांगायचं नाही, हा नियम. बाजार सुटला, पण टॉवेल माझ्या खांद्यावरनं उतरला नव्हता.

सुभाना माणचा, दहिवडीच्या पलीकडचा. तो सीमेवर आणि हौसावहिनी विहिरीवर, असा त्यांचा संसार झाला. विहीर आटली की वहिनी टँकरमागं पळायच्या. दोर ओढून ओढून तळव्यांना असे घट्टे पडलेत की सुभाना म्हणतो, हिनं गालावरनं हात फिरवला तर दाढी होतीया. फौजेतनं सुटल्यावर त्यानं साताऱ्यात वॉचमनची नोकरी धरली, भाड्याची खोली घेतली. तिथं नळ जिन्याखाली, सगळ्या चाळीत एक. एकदा त्यानं विचारलं, तुला काय पायजे बोल. त्याला वाटलं, गंठण मागंल. वहिनी म्हणाल्या, "माझ्या घरात माझा नळ पायजे. उघडला की पाणी यावं. बास."

फौजेचे पैसे एकदाच आलेले. जायचे तेही एकदाच. म्हणून मला बोलावणं आलं.

* * *

पहिल्याच साइटवर सरांनी घात केला.

सर दारातनं आत गेले आणि म्हणाले, "वा!" खिडकी उघडली, "वा, वा! पूर्वेचा उजेड!" गॅलरीत जाऊन अजिंक्यतारा दिसल्यावर तर त्यांनी डोळेच मिटले. बिल्डर माझ्याकडं बघून गालात हसला. मी मनात म्हटलं, गेलं. बैलाची किंमत ठरायच्या आधी त्याच्या शिंगाचं कौतुक केलं की दलालानं टॉवेल झटकावा आणि एस्टी धरावी.

पुढच्या साइटला जाताना मी सरांच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा टाकला. म्हणालो, हा विरघळेपर्यंत बोलायचं नाही, चावायचा पण नाही. सर बिचारे गाल फुगवून हिंडले. स्वयंपाकघर बघितलं, गप्प. बेडरूम बघितली, गप्प. देवघराचा कोनाडा दिसला आणि कडाड्कन् आवाज झाला. सरांनी खडा चावला होता. "वा!" म्हणाले.

हसायला ठीक आहे. पण रात्री मला वाटलं, सरांचं काय चुकलं? आवडलं ते चांगलं म्हणाले. मी चाळीस वर्षं आवडलेल्या जनावराला नावं ठेवत आलो, ती खोड घरातपण शिरली. माझी बायको गेली, तोवर तिच्या भाकरीला मी एकदाही चांगली म्हणालो नाही. भाव वाढंल म्हणून.

* * *

एका ठिकाणी सॅम्पल फ्लॅट होता. पडदे, फुलं, भिंतीवर न चालणारं घड्याळ. बेडरूम बघून सुभाना खूश झाला. डबल बेड टाकून दोन्हीकडं ऐसपैस जागा! मला जागेचा संशय आला नाही, बेडचा आला. मी सुभानाच्या कानात म्हणालो, गड्या, दमलाईस, आडवा हो जरा.

सुभाना सहा फुटी. बुटासकट आडवा झाला तर पाय पोटरीपासनं बाहेर. सेल्सवाली बाई धावत आली, "सर, तो झोपायचा बेड नाहीये, तो दाखवायचा आहे."

सुभाना पडल्या पडल्याच म्हणाला, "मग झोपायचा दाखवा की."

खोली मोठी दिसावी म्हणून बेडच आखूड करून घेतला होता! तिनं मग कागद काढला. कार्पेट एवढं, बिल्टअप एवढं, सुपर बिल्टअप एवढं. त्यात जिना आला, लिफ्ट आली, गेटजवळची बागसुद्धा आली. मी म्हणालो, बाई, आम्ही बैल विकताना त्याची सावली मोजत नव्हतो. ती हसली. पण कागद काही बदलला नाही.

* * *

करंजे नाक्याकडच्या एका सेल्सवाल्यानं मला सांगितलं, नाना, शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत, आजच टोकन टाका. मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी सरांना एकटं पाठवलं. शेवटचे दोनच. तिसऱ्या दिवशी सुभानाला पाठवलं, साध्या कपड्यात, ओळख न देता. त्यालाही शेवटचे दोनच.

चौथ्या दिवशी आम्ही तिघं एकदम गेलो. मी म्हणालो, आमच्या तिघांचे मिळून सहा झाले, चाव्या आणा.

गडी खरा कसलेला. जराही हलला नाही. चहा सांगितला आणि म्हणाला, "चुकलं नाना. उद्यापासून चार-पाच सांगत जातो."

* * *

मधेच सरांच्या जावयानं सांगितलं की सांगलीत स्वस्तात नवीन फ्लॅट आहे, नदीची हवा खात बसा. वहिनी म्हणाल्या, नदी हाय म्हंजी पाणी असंल. गेलो सगळे.

बिल्डिंग झकास होती. बिल्डरला मी पहिलाच प्रश्न केला, पुराचं पाणी कुठवर येतं? त्यानं लांब हात केला, त्या तिकडच्या चौकापर्यंत, इथं कधीच नाही. मी म्हणालो, बरं. आणि शेजारच्या गोठ्यात गेलो. तिथं एक म्हातारी म्हशीला वैरण टाकत होती. तिला पुराचं काहीच विचारलं नाही. पुराचं विचारलं की माणसं जागेचा भाव बघून बोलतात. मी म्हशीचं विचारलं, कितव्या वेताची, दूध किती, आणि निघता निघता, "पावसाळ्यात हिला कुठं बांधता हो?"

म्हातारी म्हणाली, "लेकीकडं धाडती मिरजंला. न्हाईतर मागल्या पुरात हितं ह्या भिंतीला नाव बांधली हुती बाबा." तिनं दाखवलेली भिंत बिल्डरच्या पार्किंगची होती. नवा रंग दिलेली.

सुभाना बायकोला म्हणाला, पाणी पाणी करत हुतीस न्हवं, घे.

वहिनी गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "आवं, नळातनं पायजे म्हणलं हुतं मी. खिडकीतनं न्हाई."

* * *

मला वाटायचं, पारख माझीच. ती घमेंड वहिनींनी एका दुपारी उतरवली.

साताऱ्याच्या बाहेर हायवेलगत एक मोठी स्कीम होती. तिथल्या माणसानं फ्लॅटमधले सगळे नळ एकदम सोडले. धो धो पाणी! सरांच्या तोंडात खडा होता तरी त्यांनी टाळी वाजवली. मीसुद्धा म्हटलं, प्रेशर आहे बुवा. वहिनी मात्र दिसेनात. शोधत गच्चीवर गेलो तर त्या पाण्याच्या काळ्या टाक्यांपाशी उभ्या. उन्हात तापलेली प्लॅस्टिकची टाकी, तिच्यावर त्या वरनं खाली हळूहळू तळवा फिरवत होत्या, आजारी पोराच्या अंगावरनं फिरवतात तसा.

म्हणाल्या, "भाऊजी, हात लावा. वर गरम लागतंय, व्हय? आता खाली या. हितनं गार. म्हंजी पाणी हितवरच. ह्या टाकीत दोनच वीत पाणी. त्या पलीकडच्या दोन रिकाम्या."

खाली फ्लॅटमध्ये येऊन आम्ही दहा मिनिटं उगाच गप्पा मारत थांबलो. नळ खाकरले, थुंकले आणि बंद पडले. माणूस म्हणाला, लाइट गेली असेल. डोक्यावर पंखा फिरत होता.

* * *

आणि मग यवतेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याची ती बिल्डिंग सापडली. तीनच मजल्यांची, नवीकोरी. मालक प्रतापराव, पस्तिशीचा इंजिनियर, डोळ्यांवर गॉगल. प्लॉटमध्ये विहीर. शेजारच्या भाजीवालीला विचारलं, ती म्हणाली, मे महिन्यातबी तळ दिसत न्हाई. वहिनी गच्चीवर जाऊन आल्या. टाक्या गार. भिंती ठोकल्या, फरशी ठोकली, सरांनी कागद वाचले, सगळं सरळ. म्हणजे माझ्यासाठी अवघड. खोट काढायला जागाच नाही.

तरी मी सुरुवात केली. जिना अरुंद, डोंगराचा वारा, बाजार लांब. प्रतापराव ऐकत होता आणि मला वाटत होतं जमतंय. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. तो स्वयंपाकघराकडं बघत होता.

वहिनींनी नळ उघडला होता. ओंजळीत पाणी घेऊन प्याल्या. नळ बंद केला, त्याची तोटी पदरानं पुसली. आपल्या घरातली पुसतात तशी.

झालं! गिऱ्हाइकानं बैलाच्या पाठीवरनं असा हात फिरवला की मालक रुपयानं खाली येत नाही. सरांच्या सगळ्या वा-वांपेक्षा हे महाग होतं.

प्रतापरावानं आकडा सांगितला. सुभानाची सगळी पुंजी आणि जेवढं कर्ज त्याला झेपतं तेवढं धरून वर दीड लाख कमी पडत होते. मी तासभर बोललो. तो नम्रपणे नाही म्हणत राहिला. शेवटी थट्टेनं मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या दोघांच्या मधे धरला. म्हटलं, आता इंजिनियर हसेल.

त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला आणि हात टॉवेलाखाली घातला. म्हणाला, "आजोबांबरोबर जायचो मी बाजारात. खिलार बैलं होती आमच्याकडं."

मग रंगलं. मी आमचा आकडा दाबला, त्यानं त्याचा. मी परत आमचाच. तो थोडा उतरला, आणखी थोडा उतरला आणि थांबला. बोट असं घट्ट धरलं की मला कळलं, याच्या खाली हा येत नाही. अजून लाखभर राहत होता. मी हात काढून घेतला. सुभानाकडं बघून मान हलवली.

सुभाना उठला. फौजेतला माणूस, तोंडावर काही दाखवत नाही. फक्त म्हणाला, "चल हौसे. दुसरं बघू."

वहिनी उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊजी, सरका जरा."

आणि त्यांनी हात टॉवेलाखाली घातला.

चाळीस वर्षांत बाईचा हात टॉवेलाखाली गेलेला मी बघितला नव्हता. वहिनींना बोटांचे आकडे येत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक. सर काहीतरी बोलायला गेले. मी खिशात खडीसाखर चाचपली, पण ते आपले आपणच गप्प झाले.

आमचा सौदा चालतो तेव्हा आत मांजराचं पिल्लू ठेवल्यागत टॉवेल हलत असतो. हा हललाच नाही. वहिनी प्रतापरावाकडं बघत नव्हत्या, नळाकडं बघत होत्या. प्रतापराव आधी हसत होता. मग हसायचा थांबला. मग त्यानं मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

शेवटी त्यानंच हात काढला. म्हणाला, "ठरलं, काकी."

सुभानानं विचारलं, "कितीला?"

"तुमच्या आकड्याला."

मी सौदे बघितलेत, मोडलेले बघितलेत, मोडून परत जुळलेले बघितलेत. असा बघितला नाही. मी प्रतापरावाला खाली गाठलं. तो गाडीजवळ उभा राहून स्वतःचा तळहात बघत होता. मी विचारलं, काय झालं आत? म्हणाला, "नाना, टॉवेलाखालचं बाहेर सांगतात का?"

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं. टॉवेल पुढं केला. म्हणालो, "वहिनी, त्याला काय दाखवलंत ते मला एकदा दाखवा. नाहीतर माझी चाळीस वर्षांची दलाली फुकट गेली."

वहिनींनी टॉवेल माझ्या हातातनं घेतला. नळ उघडला, तांब्या भरून मला दिला, नळ बंद केला. मग त्या टॉवेलानं नळ पुसला आणि टॉवेल तिथल्याच खिळ्याला अडकवला.

अजून तिथंच आहे.