वहिनीच्या घाटातलं धुकं

दादाचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात, वर्तकनगरला भाजी घेत होतो. "वहिनी गेली रे तुझी," एवढंच तो म्हणाला. आजार घरात सगळ्यांना ठाऊक होता, तरी हातात पिशवी धरून मी तिथेच उभा राहिलो... त्याला आता काही आठवडे झाले.

माझी ही वहिनी, सुनंदा, डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दादाने घरी कॉम्प्युटर घेतला, तो तिच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला. मी तेव्हा कॉलेजात, त्यांच्याकडेच राहायला. हट्टाने मी त्यात खेळातली चित्रं पडद्यावर काढणारं थ्रीडी कार्ड बसवून घेतलं आणि घाटातल्या शर्यतीचा एक खेळ टाकला. मला जिंकायचं असायचं, वहिनीला नाही. तिची खेळायची वेळ आली की ती शर्यत सोडून गाडी कड्याच्या टोकाला नेऊन उभी करायची. समोर दाट धुकं.

"संजू, ह्याच्या पलीकडे दरी असेल की गाव?"

"वहिनी, अगं शेवटी येतेयस तू!"

"येऊ दे रे. बघू तर दे."

गेल्या वर्षी आजारपणात घरीच असताना तिने तो कॉम्प्युटर माळ्यावरून काढायला लावला. बाकी सगळं चालू झालं, कार्ड मात्र मेलेलं. मी त्याच खाचेत बसणारं, पण नंतरच्या काळातलं, कितीतरी ताकदवान कार्ड आणलं. चित्र लख्ख, गाडी सुसाट. वहिनी मात्र पडद्याकडे बघतच राहिली. "धुकं कुठे गेलं?" खरंच, धुकं नव्हतं. डोंगर पार टोकापर्यंत उघडे पडलेले आणि त्यापुढे जमीन कापल्यासारखी संपलेली. दरी नाही, गाव नाही... मला वाटलं, ती हिरमुसेल. पण तिला भलताच प्रश्न पडला: कार्ड नवं, मग दाखवतं कमी कसं? ती स्वतःच शोधून वाचत बसली आणि तिने मलाच समजावून सांगितलं, की त्या खेळाने धुकं रेखाटायचं काम कार्डावर सोपवलेलं आणि पुढच्या कार्डांनी ती जुनी पद्धतच सोडून दिलेली. "म्हणजे जास्त भारी नको रे. खेळाच्या वयाचंच हवं."

मग मी कल्याणची जुन्या कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. प्रत्येक जण नवंच काहीतरी गळ्यात मारायला बघायचा. इकडे वहिनी दिवसेंदिवस थकत चाललेली; कार्ड वेळेत मिळेल ना, ही धास्ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. शेवटी शहाडला एका भंगारवाल्याकडे तसं कार्ड सापडलं. ते बसवलं त्या दिवशी तिला पाठीला उशा लावून बसवावं लागलं. धुकं आलं. तिने गाडी हळूहळू कड्यावर नेली आणि थांबवली.

"आता तर माहितीये ना, पुढे काही नाही?" मी विचारलं.

"माहितीये." ती हसली. "तरी मला वाटतं, गावच असेल."

परवा डोंबिवलीला गेलेलो. दादाने आयुष्यात कधी त्या खेळाला हात लावला नव्हता. तो एकटाच कॉम्प्युटरसमोर बसलेला. गाडी डोंगराला धडकून आडवी झालेली.

"मागे कशी घ्यायची रे?" त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं. "तिचा तो कडा बघायचाय मला."

मी कळ दाखवली. गाडी मागे आली, सरळ झाली आणि दादा घाट चढू लागला.