पापडवालीनं सांगितलेलं

फाळणीनंतर मुलुंडला आलेल्या निर्वासितांपैकी एक बाई आमच्या चाळीत पापड विकायला यायची. कुणी दार उघडलं की ती आधी उंबऱ्यापासून मागे सरायची आणि मगच टोपली खाली ठेवायची. तरी शेजारच्या काकू म्हणायच्या, "ही घरं हेरून जाते."

एकदा नळावरचा कुणाचा तरी तांब्या नाहीसा झाला. चाळीतल्या पुरुषांनी तिला अडवून टोपली उलटी केली. पापडांचा चुरा झाला, पण तांब्या काही निघाला नाही. माझी चार वर्षांची मुलगी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "चोर."

बाई रागावली नाही. धड राहिलेले पापड वेचत ती मोडक्या मराठीत मला म्हणाली, "आमच्या गावाबाहेर भटके लोक उतरायचे. ते चोर आहेत, असं मीच माझ्या मुलांना सांगायची. मुलं मोठी झाली आणि एके दिवशी त्या लोकांची पालं पेटवून आली."

ती जिना उतरून गेल्यावर काकू हळूच मला म्हणाल्या, "ऐकलंस ना? जाळपोळ करणारी माणसं आहेत ही."

माझा पदर धरून उभी असलेली मुलगी ते कान देऊन ऐकत होती.