पद्माच्या डबीचे बटण

मी कविता लिहिते. म्हणजे कागदाला बरेच काही सांगत आले आहे—आईचे आजारपण, स्वतःची भीती, लाज वाटावी असेही पुष्कळ. ही एक गोष्ट मात्र त्यालाही कळू दिलेली नाही. आज सांगते; आणि सांगण्याआधीच वैतागले आहे, कारण ती एका बटणाची आहे. करंगळीच्या नखाएवढ्या, काळ्या प्लास्टिकच्या, वर-खाली सरकणाऱ्या बटणाची. माणसाचा खोटेपणा निदान आकाराने तरी मोठा असावा की नाही?

गेल्या उन्हाळ्यात पद्माने ती डबी माझ्या हातात ठेवली. पद्मा माझी बालमैत्रीण. साखर पेठेत तिच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. तिचे घर तेलुगू विणकरांचे. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग धडधडत, आणि भिंतीपलीकडे त्या तालावर मी पाढे पाठ करी. आता ती गणवेशांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवते. मी महाविद्यालयात मराठी शिकवते.

डबी कसली, तेही सांगायला हवे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचे दिवस होते ते. पद्माच्या मामाने मस्कतहून आणलेली ही डबी यंत्र आणि कॅसेट यांच्या मध्ये बसे. बटण खाली असले की खेळ सरळ चाले. वर केले की खेळणारा मरतच नसे—कितीही गोळ्या लागोत, विमान आपले उडतेच आहे. लबाडीसाठीच जन्मलेली वस्तू. पण पद्माला लबाडीची गरज नव्हती. तिची बोटे तुटलेला धागा डोळे मिटून सांधणारी. खेळातही तशीच चालत.

"मीने, एकदा कुणाकडनं तरी उघडून बघ की," ती म्हणाली. "बटण खाली होतं गं त्या दिवशी. मी खालीच केल्तं. माझी पोरगीसुदा हसती आता मला. तू शिकल्याली हायस, इचार की कुणाला तरी, आत काय बिघडल्तं."

मी हो म्हटले. का म्हटले? नाही म्हणण्याचे कारण सांगावे लागले असते म्हणून.

मग सुरू झाली ती पायपीट. नवी पेठेतल्या पहिल्या दुकानदाराने डबी उलटसुलट करून विचारले, "कशाचा रिमोट हाय?" दुसऱ्याने ती कानाशी हलवून पाहिली—जणू आत नारळाचे पाणी असावे. तिसरा म्हणाला, "मॅडम, फेकून द्या, नवीन घ्या." नवीन कुठून घेऊ? उन्हाने डांबर मऊ झालेले, चपलेचा तळ चिकटत होता, पदराला घाम. आणि प्रत्येक दुकानात मी "मैत्रिणीची आहे" म्हणत घाईघाईने विचारत होते, आणि प्रत्येक नकारावर मला आतून सुटल्यासारखे वाटत होते. कळले ना तुम्हाला? मला दुरुस्ती नकोच होती.

चौथा माणूस भेटला आणि घात झाला. जिन्याखालचे खोपटे, म्हाताऱ्याच्या कपाळावर भिंगाचा चष्मा. त्याने चार स्क्रू काढले, झाकण उचलले, आणि बटणाच्या खाचेतली पिवळट, कडक खपली नखाने खरवडून नाकाशी नेली.

"गोंद न्हाय ही," तो म्हणाला. "खळ हाय. सुताला लावत्यात ती. माझी वीस वर्सं मागावर गेल्यात, मला शिकवायचं न्हाई कुणी." मग भिंगातून पाहत राहिला. "मॅडम, ह्यो टोपणाचा तुकडा वेगळा झालाय. आतली पट्टी वरच अडकल्याली हाय, आन् टोपण कुणीतरी खाली चिकटीवलंय. बघणाऱ्याला वाटावं बटण खाली हाय. मुद्दाम केलंय बगा. मालकिणीला पायजे तर सांगतो मी समजावून."

सोलापुरात दुसऱ्या कोणाच्या हाती हे पडते तर वाळका गोंद म्हणून सुटले असते. मला नेमका मागवालाच भेटायचा होता?

मी डबी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली. नवे बटण तेवढे कागदाच्या पुडीत मागून घेतले. "दोन पाय जास्त हायत त्याला," तो मागून ओरडला, "कापा!"

आता त्या दिवसाकडे जायलाच हवे. किती वळसे घालणार?

नारळी पौर्णिमा होती. त्या दिवशी पूर्व भागातले सगळे माग बंद असतात, मार्कंडेय ऋषींचा रथ निघतो. वर्षभर कानात दळत राहिलेली धडधड एकाएकी थांबली की गल्ली अनोळखी वाटे—भांड्याला भांडे लागले तरी दचकायला होई. रथ आमच्याकडे यायला संध्याकाळ होणार. तोवर पोरांनी पद्माच्या ओट्यावर टीव्ही मांडून व्हिडिओ गेमच्या स्पर्धेची शेवटची फेरी ठेवली होती. आदल्या दिवशीच्या फेऱ्यांतून दोघेच उरले होते: माझा दादा आणि पद्मा. यंत्राची खाच ढिली झालेली. नुसती कॅसेट घातली तर पडद्यावर मुंग्या यायच्या, म्हणून डबी मध्ये ठेवावीच लागे. अट एकच—बटण खाली, आणि ते सर्वांना दाखवून.

सकाळी पद्मा न्हायला गेली आणि डबी माझ्यापाशी ठेवून गेली. मी मागाच्या खोलीत एकटी होते. त्या शांततेत त्या बटणाचा आवाज—टक्—पहिल्यांदाच इतका स्वच्छ ऐकू आला. मला तो आवडला. वर, टक्. खाली, टक्. जिभेवर खडीसाखर फुटावी तसा. मी किती वेळा केले कोण जाणे. आणि मग एकदा टोपण माझ्या बोटात आले.

पट्टी आत वरच राहिली होती. नखाने हलवून पाहिली, हलेना. परदेशातून आलेली वस्तू, मामाची, पद्माची. कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या खळीची बादली होती, आंबूस वासाची. मी बोटभर खळ घेतली, टोपण खाचेत खाली बसवले, आणि फुंकर मारमारून वाळवले. विणकरांच्या घराशेजारी वाढलेली मी—तुटलेले काहीही खळीने धरून राहते असेच मला वाटे. आणि धरून राहिलेही! एवढ्या वर्षांत निघाले नाही.

इथपर्यंत भित्र्या मुलीचा मूर्खपणा म्हणता येईल. पण पुढे काय?

पद्माने डबी सर्वांपुढे धरली. "बघा, खाली हाय." सर्वांनी पाहिले. पहिली पाळी तिची होती; खेळ सुरू झाला. तिच्या विमानाला एक गोळी लागली—ते फुटले नाही. दुसरी लागली. तिसरी. त्या क्षणी मला सगळे कळले, एकट्या मला. पद्मा गोंधळून पडद्याकडे बघत राहिली, तिच्या ओल्या केसांचे पाणी पाठीवर ठिबकत होते.

"अगं, ही मरंनाच की!" कोणीतरी ओरडले.

"बटण बघा, बटण!" हा दादा.

"खालीच हाय की रे!"

"मस्कतचं बटण हाय त्ये, त्याचं खाली म्हंजी वरच आसतंय!"

हशा पिकला. मी यंत्राशेजारीच बसले होते, गुण लिहायची वही मांडीवर घेऊन. एक वाक्य पुरे होते. ते माझ्या तोंडात होते—आणि मी ते गिळले. भीती होती, हो. पण भीतीखाली आणखी एक गोष्ट होती, आणि खरे सांगायचे तर तीच आज सांगायची आहे: मला बरे वाटले. सकाळी मी ज्याला राखी बांधली तो दादा जिंकणार होता. आणि जिच्या बोटांना सगळे जमायचे तिला एकदा तरी जमले नव्हते. मी वहीत तिच्या नावापुढे फुली मारली. सुबक अक्षर होते माझे तेव्हाही.

तिचे वडील, तिचे नान्ना, दारात उभे होते. ते तेलुगूत एकच वाक्य बोलले. मला कळले नाही, पद्माला कळले. डबी ट्रंकेत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आली की पद्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसू लागली. खेळणे संपले. नाव मात्र उरले—'चीटिंग पद्मी'. वर्षानुवर्षे. तिच्या लग्नात बोहल्यापाशी कोणीतरी म्हणाले, "नवरदेवा, बटण बघून घे रे बाबा!" मांडव हसला. मीही हसले. हातात अक्षता होत्या.

तर, पुडी आणि डबी घेऊन मी घरी आले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री मागून आणली, आणि चार दुपारी त्या वस्तूने माझा जीव नकोसा केला. बटणातली इवलीशी कमान टुणकन उडून कपाटाखाली गेली. मी खराट्याची काडी घेऊन पालथी. सापडली, बसवली, पुन्हा उडाली. जास्तीचे पाय कापायला गेले तर नको ते कापले. पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे, पुन्हा पुडी—या वेळी त्याने काही विचारले नाही, तेही सहन झाले नाही. बोट भाजले. राळेचा धूर डोळ्यांत गेला. छंद-वृत्ते शिकवणाऱ्या बाईला तीन तारा तीन टोकांना लावता येऊ नयेत? मी मोठ्याने शिव्या दिल्या—बटणाला, बनवणाऱ्याला, मस्कतच्या मामाला. स्वतःला सोडून सर्वांना.

खळीची खपली मात्र मी हलक्या हाताने काढली. कोमट पाण्याचा बोळा, सुई, पुन्हा बोळा. ती भिजली तसा तो आंबूस वास वर आला. तेवढाच एक पुरावा जगात होता. मी तो पुसून काढला, बोळा कागदात गुंडाळला, आणि कचऱ्याच्या गाडीची घंटा ऐकून स्वतः खाली नेऊन टाकला. त्या दिवसासारखी अकरा वर्षांची नव्हते मी. मला काय करते आहे ते ठाऊक होते.

रविवारी डबी पद्माला दिली. तिने बटण वर केले, खाली केले. टक्. टक्. तिचा चेहरा उजळला.

"काय झाल्तं गं आत?"

"काही नाही," मी म्हटले. "धूळ बसली होती."

"नुसती धूळ?" ती थांबली. बटणावरचा अंगठा तसाच राहिला. "म्हंजी त्या दिवशी चांगलंच हुतं की ते. मग मीच इसरले आसंन खाली करायला, आन् समद्यांनी बी नीट बघितलं नसंल." थोडी हसली. "आन् मी नान्नाशी भांडत बसले, ते जाईपर्यंत. उगंच की गं."

मग ती चहा ठेवायला उठली. माझ्या कपात आठवणीने साखर कमी घातली. मी चहा प्यायले.

बटण खाली होते. पद्मा विसरली नव्हती.