तलावातला एकडोळ्या

मी जात्याच संशयी. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय भांडं आत न नेणारा. पण सख्ख्या दादावर संशय घ्यायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी ऊर्जानगरहून गडचिरोलीकडच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा तलावातला गाळ काढणं चाललं होतं. दादाच्या धानाच्या बांधीलगत मशीनला एक कवटी लागली. एकट्याला उचलणार नाही एवढी, आणि मधोमध एकच मोठं भोक.

"राकस! एका डोळ्याचा!" माणसं ओरडली. दादा तर पळत जाऊन कुंकू-लिंबूच घेऊन आला. "माती टाका लवकर. काऊन पाहून राह्यले?"

मला हसू आलं. ग्रीकांच्या पुराणात असे एका डोळ्याचे राक्षस आहेत, गुहेत राहून माणसं खाणारे. हत्तीच्या कवट्या पाहूनच ते सुचले असावेत, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते भोक डोळ्याचं नसतं, सोंडेचं असतं. हे सांगायला तोंड उघडलं आणि मनात पाल चुकचुकली. त्या ग्रीकांनी जिवंत हत्ती पाहिला नव्हता. आमच्या गावाचं धान तर तीन वर्षांपूर्वी हत्तींच्या कळपाने तुडवलेलं. मग इथे कोणालाच हत्ती कसा आठवेना?

त्यानंतरच्या साली कळप पुन्हा आला, तेव्हा दादा फोनवर म्हणाला होता, "धानाले तोंडही नाई लावलं त्याहिनं. तलावाच्या कोपऱ्यात नुसते उभे होते." मला बरं वाटलं होतं. आता तोच कोपरा उकरला होता. आपलं कोणी मेलं, त्या जागी हत्ती पुन्हा येऊन उभे राहतात, हेही मी वाचलं होतं. डुकरांसाठी दादा बांधीभोवती करंटची तार लावायचा. ती तारही कुठे दिसेना.

मशीनवाला बाहेरगावचा. त्याने मला विचारलं, "साहेब, फॉरेस्टवाल्यांना कळवायचं का?"

वहिनीने पदर तोंडात धरला होता. दादा जेलमध्ये गेला असता. मला त्याचा भयंकर राग आला होता.

"राकसच आहे," मी म्हणालो. "टाका माती."

त्या दिवशी दादा जेवला नाही. खाई त्याला खवखवे. मी विचारलं, "तार कुठी गेली, दादा?"

"डुकरासाठी लावली होती रे," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. "गावाले सांगितलं राकस. तूही सांगितलं. यंदा ते येतीन, त्याच कोपऱ्यात उभे राहतीन. त्याहिले काय सांगू मी?"